राहिलेलं नाव

जुना ट्रॅक्टर घेताना आधी मागचे टायर बघावेत, मग क्लच, मग हायड्रॉलिक, आणि रंग सगळ्यात शेवटी. रंग नवा असेल तर उलट सावध व्हावं. शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं मेंटेनन्सला आहे, त्यामुळे या गोष्टी मला कुणी शिकवायला नकोत. तरीही मार्गशीर्षात सोयगावकडे ट्रॅक्टर बघायला निघालो तेव्हा धाकट्या भावाला सोबत घ्यावं लागलं, आणि ते मला सकाळपासून खुपत होतं.

धाकटा दहावी नापास. पण इंजिन चालू केलं की तो डोळे मिटून उभा राहतो आणि सांगतो, तिसऱ्या नोझलमध्ये कचरा आहे. खोलून बघितलं की असतोच. माझं आयटीआयचं सर्टिफिकेट बैठकीत फ्रेम करून लावलंय. तरी गल्लीत कुणाची मोटर बंद पडली की लोक आमच्याच दारात येतात आणि मी समोर चहा पीत बसलेलो असताना विचारतात, "धाकटा हाय का घरात?"

आणि भाकरीचं. आईच्या तव्यावरची पहिली भाकर त्याच्या ताटात पडते, कायम. मी बेचाळीस वर्षांचा माणूस, घरात पगार आणणारा, एका मुलीचा बाप, आणि रोज त्या पहिल्या भाकरीकडे बघतो. माझ्या पोटात जळतं. सांगायला लाज वाटते, पण आता लपवून ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही.

आमच्याकडे चार एकर राहिली आहे. ती धाकटाच बघतो, दुसऱ्यांचे ट्रॅक्टर भाड्याने आणून. म्हणून मी ठरवलं की ट्रॅक्टर घ्यायचा, माझ्या पैशाचा, माझ्या नावाचा. गावाने एकदा तरी म्हणावं की साहेबरावने आणला.

सोयगावला गेलो ते त्याच्या मोटरसायकलवर. तो पुढे, मी मागे.

सोयगावच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याला धनगरांची एक वस्ती आहे. तिथे कस्तुराबाई नावाची म्हातारी राहते. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, मुलगा पुण्यात नोकरीला, शेत बटाईने दिलेलं. शेळ्यांच्या वाड्याशेजारी पत्र्याखाली ट्रॅक्टर उभा होता. लाल, तेरा वर्षांचा, रंग मूळचाच. मागचे टायर अजून तीन-चार हंगाम सहज काढतील असे. मी खाली वाकून तेलगळती बघत होतो तेव्हा म्हातारी बाहेर आली.

"या मालक," ती म्हणाली. मला नव्हे, धाकट्याला.

त्याच्या अंगात धुवट पांढरा शर्ट होता, माझ्या अंगात इस्त्रीचा. तरी तिने त्यालाच मालक म्हटलं.

"मालक मी हाय," मी उठून म्हणालो. "हा मिस्त्री हाय माझा."

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मग हसला. "व्हय, मिस्त्रीच."

त्याने इंजिन चालू केलं आणि डोळे मिटून उभा राहिला. सगळे बघतात तशी म्हातारी त्याच्याकडे बघत होती. दोन मिनिटांनी त्याने इंजिन बंद केलं आणि फडक्याला हात पुसत म्हणाला, "घ्या साहेब. चांगला जपलाय."

ते 'साहेब' त्याने गमतीत म्हटलं होतं. मला मात्र ते ऐकताना बरं वाटलं.

मुलाशी फोनवर बोलणं झालं, कागदांवर सह्या झाल्या. मी किल्लीसाठी हात पुढे केला तर म्हातारी म्हणाली, "थांबा, कानात सांगायचं राह्यलं." आत जाऊन ती वाटीत हळद घेऊन आली.

"आमच्यात जनावर इकलं की त्याच्या कानात नव्या घरची माणसं सांगत्यात," ती म्हणाली. "नाय तर ते तिथं कुणाला वळखत नाय. ह्यो बी जनावरच. तेरा वर्सं राबलाय आमच्यात. घरात कोण कोण हाय ते बोला. एक बी सोडू नका."

मला हसू आलं, पण म्हाताऱ्या माणसाचं मन मोडावंसं वाटलं नाही. तिने हळदीचा हात बॉनेटवर टेकला आणि डाव्या दिव्याशेजारच्या जाळीला तोंड लावलं. मी एकेक नाव सांगत गेलो, ती एकेक आत सांगत गेली. साहेबराव. आई लक्ष्मीबाई. बायको रत्नमाला. मुलगी संस्कृती.

"भाऊ?" तिने मान न वळवता विचारलं.

धाकटा दोन पावलांवर उभा होता. फडकं हातात होतं, चेहऱ्यावर मघाचं हसू होतं. या थट्टेचा शेवट आता मीच करणार, अशा खात्रीने तो माझ्याकडे बघत होता.

त्या जाळीतून त्याचं नाव आत गेलं असतं तर हा ट्रॅक्टरही त्याचाच झाला असता. त्या क्षणी मला एवढंच वाटलं, दुसरं काही नाही.

"भाऊ नाय मला," मी म्हणालो.

"एकुलते?"

"व्हय."

म्हातारीने मान हलवली आणि जाळीवरून तोंड काढलं. धाकट्याकडे एक नजर टाकून म्हणाली, "मिस्त्रीचं काय सांगायचं. मिस्त्री वाटंत उतरतो."

धाकट्याचा हात फडक्यात तसाच थांबला होता. मग त्याने फडकं घडी करून खिशात ठेवलं.

निघताना साडेअकरा झाले होते. घरापर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ता, म्हणजे ट्रॅक्टरला सहा-साडेसहा तास. धाकटा म्हणाला, "दादा, तू गाडी घे, मी ह्याला आणतो. तुला सवय नाय." मी किल्ली फिरवली. तो मोटरसायकलवर मागे लागला. मडगार्डच्या आरशात त्याचा पांढरा शर्ट दिसत होता.

फर्दापूरला मी पाणी प्यायला थांबलो तेव्हा तो जवळ आला. "दादा, येवढं काय केलं रं मी तुला?"

"गंमत केली," मी म्हणालो.

"मग ठीक हाय," तो म्हणाला, आणि खरंच ठीक असल्यासारखा हसला. हेच मला त्याचं सहन होत नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

अजिंठ्याचा घाट ट्रॅक्टर दुसऱ्या गियरमध्ये न कुरकुरता चढला. मला फार दिवसांनी स्वतःचा अभिमान वाटला. गोळेगावला हॉटेलच्या बाकड्यावर आम्ही समोरासमोर बसलो आणि मी दोन चहा सांगितले. पोऱ्या नव्हता, मालकच चहा घेऊन आला. त्याने एक ग्लास माझ्यासमोर ठेवला.

"दोन सांगितले ना," मी म्हणालो.

त्याने माझ्या समोरच्या बाकड्यावर पाहिलं. "अजून कुणी येणार हाय का? आले की देतो, गार व्हईल."

धाकटा मोठ्याने हसला. "दादा, घे तू. मला नको." हॉटेलवाला तिकडे न बघता फडक्याने बाकडं पुसायला लागला. पुसत पुसत त्याचा हात धाकट्याच्या कोपरापर्यंत आला, थांबला आणि वळून परत गेला. का वळला हे त्या माणसालाही सांगता आलं नसतं.

मी ग्लास धाकट्याकडे सरकवला. त्याने दोन घोट घेतले. "चव नाय रं," म्हणाला.

सिल्लोडला डिझेल भरलं. धाकटा पेट्रोलच्या रांगेत उभा राहिला. पंपावरच्या मुलीने त्याच्या पुढच्याला पेट्रोल घातलं, मग त्याच्या मागच्याला. तो परत आला तेव्हा त्याच्या तोंडावर हसू नव्हतं.

"दादा, एक सांगू? घाटापासून मला कुणी हॉर्न देत नाय. ट्रकवाले सरळ अंगावर येत्यात. मी दोनदा खाली मातीत उतरलो." तो माझ्याकडे बघत होता. "मी तुझ्यापुढं चालू का? तुला दिसत राहीन."

भाड्याच्या ट्रॅक्टरवर आयुष्य काढलेला हा माणूस पुढे आणि मी माझ्या ट्रॅक्टरवर त्याच्यामागे, हे मला चालणार नव्हतं.

"मागंच राहा," मी म्हणालो. "आरशात दिसतोस की."

आळंद गेलं. आरशात तो होता. मग एक एसटी मध्ये आली, ती पुढे गेल्यावर तो थोडा वेळ नव्हता, मग होता. आरसा हलतो, काचेवर धूळ बसते. मी फुलंब्रीपर्यंत स्वतःला असंच समजावत राहिलो.

फुलंब्रीला रस्त्याच्या कडेला उभा राहून रत्नमालाला फोन केला. आम्ही सहापर्यंत पोचतो, आईला ओवाळायचं ताट तयार ठेवायला सांग, असं म्हणालो.

"आम्ही म्हंजी?" ती म्हणाली. "कुणाला आणताय संगं? किती जणांच्या भाकरी टाकू?"

"मी आणि धाकटा."

"कुठला धाकटा?"

मला वाटलं ती चेष्टा करतेय. मग ती म्हणाली, "अवो, सकाळी एकटेच तर गेलात एसटीनं. ऊन लागलं का तुमाला?"

मी फोन ठेवला आणि कस्तुराबाईच्या घरचा नंबर लावला. ती स्वतःच बोलली. मी म्हणालो, "बाई, एक नाव राहिलं सांगायचं."

पलीकडे शेळ्या ओरडत होत्या. ती म्हणाली, "मग मला काय सांगता? आता तो तुमचा हाय. तुमीच घ्या नाव, त्याच्या कानात. पर घरी पोचायच्या आत. अंगणात चाक गेलं की जेवढी सांगितली तेवढीच." आणि मग हळू आवाजात, "कोण राह्यलं वो?"

मी फोन खिशात टाकला.

धाकटा मोटरसायकल लावून माझ्याकडे आला. ऊन उतरलं होतं. माझ्या शर्टावर, पापण्यांवर, दातांतसुद्धा धूळ होती. तो शंभर किलोमीटर ट्रॅक्टरच्या मागे आला होता, आणि त्याचा पांढरा शर्ट सकाळसारखाच पांढरा होता. बाहीवर धुळीचा एक कण नव्हता.

मी बॉनेटपाशी गेलो. म्हातारीच्या हाताची हळद तिथे वाळली होती. जाळीपर्यंत वाकलो. नाव अगदी जिभेवर होतं.

"दादा," मागून तो म्हणाला, "लई दमलास तू. आता पुढं मी चालवतो ना. घरापर्यंत."

घरापर्यंत. म्हणजे गल्लीत ट्रॅक्टर शिरणार, सगळं गाव बाहेर येणार, आणि सीटवर हा. मी मागून मोटरसायकलवर. आई ताट घेऊन पुढे येणार आणि पहिलं कुंकू कुणाला लावणार, हे मला सांगायला नको होतं.

मी सरळ झालो. "घरी गेल्यावर बघू," म्हणालो.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, असं म्हणून मोकळं होता येईल. पण तसं नाही. फुलंब्रीला माझा विश्वास बसलेला होता.

चौक्याचा घाट उतरलो. सावंगीवरून बायपासला लागलो. आरशात कधी पांढरं काही दिसायचं, कधी नुसता रस्ता. मोटरसायकलचा आवाज मात्र येत होता. ती गाडी त्यानेच बांधलेली, तिचा आवाज मी कुठेही ओळखतो. केंब्रिज चौकात गर्दी होती. तिथून पुढे आरशात काहीच नव्हतं, नुसता आवाज.

जालना रोडवरून आत वळलो तेव्हा दिवस मावळतीला आला होता. गल्ली भरलेली होती. बन्सी वाणी दुकान सोडून बाहेर आला होता. "साहेबरावनं ट्रॅक्टर आणला," कुणीतरी म्हणालं. अगदी हेच शब्द.

मी फाटकात थांबलो. पुढचं चाक उंबऱ्याच्या दगडापासून हातभर लांब. मागे आवाज थांबला नव्हता. इंजिन बंद न करता मी खाली उतरलो, वळसा घालून बॉनेटपाशी गेलो आणि जाळीवर वाकलो.

"साहेबा," आई म्हणाली.

मी वर पाहिलं. ती ताट घेऊन उभी होती. निरांजनाचा उजेड तिच्या तोंडावर होता. ती माझ्याकडे बघत होती, फक्त माझ्याकडे. तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे कुणाला शोधत नव्हती. बेचाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"आत घे की रं, लेकरा," ती म्हणाली.

तिने मला लेकरा म्हटलं.

मागे मोटरसायकलचा हॉर्न वाजला. एकदाच, छोटा.

मी सीटवर चढलो. क्लच सोडला.

चाक दगडावरून आत गेलं आणि मागचा आवाज थांबला.

आईने मला ओवाळलं, मग ट्रॅक्टरला. मी उतरलो आणि फाटकाबाहेर धावलो. गल्लीत लोक होते, मोटरसायकल नव्हती. मी त्याला हाक मारायला तोंड उघडलं, आणि तोंडात काही नव्हतं.

त्या गोष्टीला आता दोन महिने झाले. मला त्याचं सगळं आठवतं. कपाळावरची खूण, चहा फुंकायची पद्धत, डोळे मिटून उभं राहणं. फक्त नाव आठवत नाही. इथे त्याला धाकटा म्हणालो, ते त्यामुळेच. घरात त्याची खाट नाही, शर्ट नाहीत, फोटोंमध्ये तो जिथे होता तिथे भिंत आहे. रेशनकार्डावर चारच माणसं. रत्नमाला मला डॉक्टरकडे घेऊन गेली होती. त्याने झोपेच्या गोळ्या दिल्या.

आई मात्र तव्यावरची पहिली भाकर अजून बाजूला काढते. टोपल्यात, फडक्याखाली. मी विचारलं, कुणाची? ती भाकरीकडे बघत राहिली. "काय की. हातच तसा जातो," म्हणाली. संध्याकाळी ती भाकर गाईला जाते, मला कधी मिळालेली नाही.

म्हातारीने सांगितलेली वेळ टळून गेली आहे, पण आईच्या हाताला अजून आठवतं, म्हणून मी रोज सकाळी कामावर जाण्याआधी जाळीला तोंड लावून एकेक नाव घेतो. एखादं तरी बरोबर निघेल. अख्ख्या तालुक्याची मतदारयादी आणली आहे, त्यातली नावं क्रमाने घेतो. कृष्णा. बद्रीनाथ. सोमनाथ. शिवराज. नाव घेऊन फाटकापर्यंत जातो, गल्लीत बघतो, परत येतो.

परवा मंगळवारी 'गोकुळ' म्हणालो. त्याच्या आदल्या दिवशीसारखंच म्हणालो, काही वेगळं वाटलं नाही.

काल दुपारी सुट्टी होती. घरात आलो तर बैठकीत एक माणूस बसला होता. पस्तिशीचा, सावळा, जाड मिशी, पायात प्लास्टिकचे बूट. मी त्याला आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. मला बघून तो चटकन उभा राहिला.

"गोकुळ, हात धू, ताट वाढलंय," आई चुलीजवळून म्हणाली.

"भावजी, पाणी देऊ का?" रत्नमालाने विचारलं. संस्कृती "काका" म्हणत त्याचा हात धरून त्याला मोरीकडे घेऊन गेली.

आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसलो. आईने तव्यावरची पहिली भाकर उचलली, आणि इतक्या दिवसांनी तिचा हात टोपल्याकडे गेला नाही. भाकर त्याच्या ताटात पडली. ती त्याच्याकडे बघून हसली.

माझ्या पोटात जळलं. अगदी पूर्वीसारखंच.

तो भाकर मोडत नव्हता. ताटाकडे बघत होता. मग माझ्याकडे झुकून, आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "दादा, एक इचारू? मला सकाळपासून काय तरी इसरल्यासारखं वाटतंय." "मला एक पोरगी व्हती का वो?"

गरम भाकरीची वाफ त्याच्या ताटातून वर येत होती.

"नाय," मी म्हणालो.

त्याच्या कपाळावरच्या आठ्या सावकाश गेल्या. तो जेवायला लागला. आईने दुसरी भाकर तव्यावरून काढली आणि तीही त्याच्याच ताटात टाकली.